पिशवीचा ताठा

रिकामी कापडी पिशवी टेबलावर ठेवली की एक तर ती मान टाकते, नाहीतर तोंड उघडं ठेवून उभी राहते. प्रदर्शनात गिऱ्हाईक उभ्या पिशवीकडे आधी वळतं. म्हणून पिशव्या शिवणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी प्रश्न पडतो, की कापडाच्या आत काय घालावं म्हणजे पिशवी ढेपाळणार नाही. दुकानदाराला विचारलं तर तो बकरम, फ्यूजिंग, फोम, नॉन-वोव्हन, कॅनव्हास, पुठ्ठा अशी नावं एका दमात घेतो. माझं म्हणणं असं, की प्रश्नच उलट्या टोकानं विचारला जातो. आत काय घालायचं हे नंतर ठरवावं. आतलं आणि बाहेरचं एकमेकांना कशानं धरून ठेवायचं, हे आधी. नुसती जाडी वाढवून पिशवी उभी राहत नाही, ती जाडी एकजीव झाली तर राहते. हे म्हणणं तपासायचं तर समोर तगडा विरोधक हवा, म्हणून या लेखापुरती मी दोन माणसं उभी केली आहेत.

जागा शहागडची घेतली आहे. सोलापूर-धुळे महामार्ग इथं गोदावरी ओलांडतो. नदीच्या अलीकडे जालना जिल्ह्याचा अंबड तालुका, पलीकडे बीड जिल्ह्याचा गेवराई. शिवारात ऊस आणि कापूस. काळ्या रानातला कापूस जिनिंगमधून गाठी होऊन बाहेर जातो आणि इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीच्या मागांवरचं कापड होऊन गावच्या दुकानात परत येतो. 23 मार्च 2018 रोजी राज्यानं प्लास्टिक पिशव्यांच्या बंदीची अधिसूचना काढली आणि शिलाई मशीन असलेल्या बचत गटांना कापडी पिशवी हा एक धंदा दिसू लागला. अशा गटात पिशव्या शिवणाऱ्या एक ताई, आणि उभा जन्म शर्ट-पँट शिवण्यात गेलेले एक मास्तर. दोघंही कल्पनेतले, पण त्यांचं भांडण कल्पनेतलं नाही. पिशवी शिवणाऱ्या कुठल्याही गावात ते ऐकू येईल.

मास्तरांची बाजू आधी मांडतो, कारण ती बाजारात जिंकलेली बाजू आहे. ते म्हणतात, "ताई, कापडाला स्वतःचा कणा नसतोय. कणा आतून द्यावा लागतो. कॉलरला देतो, कफाला देतो, पँटच्या पट्ट्याला देतो, मग पिशवीनं काय पाप केलं? फ्यूजिंग कापा, इस्त्री टेकवा, झालं. पाच मिनिटांत पिशवी पुठ्ठ्यागत उभी." ताईंचं उत्तर अनुभवाचं आहे. "उभी राहते मास्तर, पण दुकानात. घरी गेली, दोनदा धुतली, की आतून पोपडे धरते. बाईमाणूस एकदा फसतं, दुसऱ्यांदा आपल्याकडं घेत नाही." मास्तर लगेच दोष ताईंच्या पदरात टाकतात: "तुम्ही कापड न धुता फ्यूजिंग चिकटवलं असणार." इथं मास्तर बरोबर आहेत, हे लगेच कबूल करायला हवं. न धुतलेलं कोरं सुती कापड पहिल्या काही धुण्यांत आटतं. मांजरपाटासारखं कोरं कापड शेकडा पाचाच्या हिशेबानं आटलं तरी 40 सेंटिमीटरच्या पट्टीला दोन सेंटिमीटरचा फरक पडतो. आतलं पॉलिएस्टरचं फ्यूजिंग जवळजवळ आटत नाही. बाहेरचं आखडलं, आतलं तसंच राहिलं, की मधला गोंद सुटतो आणि फुगे येतात. तेव्हा फुगा आला म्हणून फ्यूजिंग टाकाऊ असा निकाल देता येत नाही. पण दोन वेगळ्या स्वभावांची कापडं फक्त गोंदाच्या भरवशावर बांधली की काय होतं, ते त्या फुग्यात दिसतं.

या वस्तू मुळात काय आहेत हे जरा पाहू, कारण दुकानात नावं चालतात, घटक कुणी विचारत नाही. जुनं बकरम म्हणजे विरळ सुती कापड, खळीत भिजवून कडक केलेलं. त्याचा ताठा सगळा खळीचा. पाणी लागलं की खळ सुटते आणि मागं जाळीदार चिंधी उरते. शिवाय पिशवी कपाटात बंद पडून राहिली तर कसर आणि झुरळं खळीवर ताव मारतात. खळ ही आपल्याकडे काही नवी गोष्ट नाही. धनगरी घोंगडीच्या ताण्याला चिंचोक्याची खळ देतात. त्यानं धागा मागावर टिकतो. खळीचं खरं काम तेवढंच, विणताना धागा सांभाळण्याचं. जन्मभर आकार सांभाळायला तिला कुणी बसवलेलं नव्हतं. फ्यूजिंग म्हणजे एका बाजूला उष्णतेनं वितळणाऱ्या गोंदाचे ठिपके असलेलं कापड. नॉन-वोव्हन म्हणजे विणकाम नसलेला, तंतू दाबून-वितळवून केलेला पत्रा. त्याला उभा-आडवा धागा नसल्यानं कापताना माल वाया जात नाही, हा त्याचा मोठा गुण. मात्र तो पॉलिप्रॉपिलीनचा असेल तर 160 अंशांच्या पुढेमागे वितळतो, आणि सुती कापडाची इस्त्री त्याहून बरीच गरम असते. एक पिशवी इस्त्रीला चिकटून वाया गेली की हा धडा शिवणाऱ्याला कायमचा पाठ होतो. फोमचा पत्रा हलका आणि गुबगुबीत. त्यानं पिशवीला गाल येतात. पण पॉलियुरेथेनचा फोम दमट हवेनं आणि काळानं पिवळा पडत जातो आणि शेवटी भुकटी होतो, तेही अस्तराच्या आत, जिथून काढायचा तर पिशवी उसवावी लागते.

आता मुद्द्याचं. शंभर पानी वही एका टोकाला धरली तर दुसरं टोक खाली लोंबतं. तेवढ्याच जाडीचा पुठ्ठा धरला तर तो सरळ राहतो. दोन्ही कागदच. वहीची पानं वाकताना एकमेकांवरून सरकतात; पुठ्ठ्यातले थर एकमेकांना चिकटलेले असल्यानं सरकू शकत नाहीत. पदार्थविज्ञानाचा हिशेब इथं डोळे उघडणारा आहे. दोन थर सुटे ठेवले तर ताठपणा दुप्पट होतो, पण पक्के एकजीव केले तर आठपट. चार थर सुटे असतील तर चौपट, एकजीव असतील तर चौसष्टपट, कारण ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे पिशवीत नुसते थर कोंबणं हा सगळ्यात महागडा आणि सगळ्यात कमी फळ देणारा उपाय. अस्तर, कॅनव्हास आणि बाहेरचं कापड फक्त कडेच्या शिलाईनं जोडलं की ती पिशवी शंभर पानी वही होते: वजन सगळं, ताठा थोडा. फ्यूजिंगचं यश याच नियमात आहे. तो गोंद थराथरांचं सरकणं थांबवतो, आणि म्हणून पातळशा फ्यूजिंगनंही पिशवी एकदम कडक वाटते. मास्तरांना वाटतं कणा फ्यूजिंगच्या कापडात आहे; कणा गोंदात आहे. गोंद सुटला की उरतो तो फक्त एक पातळ पत्रा, जो एकट्यानं काही धरू शकत नाही.

मास्तर म्हणतील, हे सगळं कागदावर ठीक. तर कात्रीवर आणू. 1930 साली मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटमधल्या एफ. टी. पियर्स यांनी कापडाचा पोत मोजायची एक सोपी रीत मांडली, आणि कापडाच्या प्रयोगशाळा आजही ती वापरतात. कापडाची अरुंद पट्टी सपाट फळीवरून हळूहळू पुढे सरकवायची. ती स्वतःच्या वजनानं वाकते, आणि तिचं टोक 41.5 अंशांच्या उताराला टेकलं की किती लांबी बाहेर आली ते मोजायचं. शहागडात त्यासाठी यंत्र लागत नाही. मुलाच्या कंपासपेटीतला 45 अंशांचा गुण्या टेबलाच्या कडेखाली असा धरायचा की त्याची तिरकी बाजू कडेपासून खाली उतरत जाईल. एक इंच रुंद, फूटभर लांब पट्टी फूटपट्टीनं दाबत पुढे ढकलायची आणि टोक तिरक्या रेषेला लागलं की खडूनं खूण करायची. एक पट्टी नुसत्या कापडाची, एक बकरमवाली, एक फ्यूजिंगवाली, एक तीन थर सुटे ठेवलेली, एक तेच तीन थर टिपा मारून बांधलेली. दोन पट्ट्या वजनाला सारख्या असतील आणि एक पाच सेंटिमीटरवर वाकली, दुसरी दहावर, तर दुसरी दुप्पट नाही, आठपट ताठ आहे. इथंही घनाचाच नियम. मग त्याच पट्ट्या साबणानं चोळून, पिळून, उन्हात वाळवायच्या आणि पुन्हा टेबलाच्या कडेला आणायच्या. असं पाचदा. कोरी बकरमवाली पट्टी सगळ्यांच्या पुढे जाईल आणि धुतल्यावर सगळ्यांच्या मागे येईल, कारण तिचा ताठा पाण्यात विरघळणारा आहे. टिपांची पट्टी पहिल्या दिवशी मधेच कुठेतरी असेल, आणि पाचव्या धुण्यानंतरही तिथंच आसपास सापडेल. तिच्यात सुटून जाण्यासारखं काही नाही. दुकानदाराच्या शब्दापेक्षा आणि माझ्याही शब्दापेक्षा ही खडूची खूण खरी मानावी.

"मग शर्टाची कॉलर?" मास्तरांचा हा सगळ्यात जड वार आहे आणि तो टाळता येणार नाही. कारखान्यात शिवलेल्या शर्टाच्या कॉलरमध्ये फ्यूजिंगच असतं, ते वर्षानुवर्षं धुतलं जातं, दगडावर आपटलंही जातं, तरी कॉलर कापडासोबतच म्हातारी होते. गोंद एवढा कच्चा असेल तर हे कसं? याचं उत्तर गोंदात नाही, दाबात आहे. कारखान्यात फ्यूजिंगचा प्रेस असतो. ठरलेली उष्णता, ठरलेले सेकंद आणि सगळ्या पृष्ठभागावर सारखा दाब, तेव्हा वितळलेला गोंद धाग्यांच्या आत शिरतो. घरच्या इस्त्रीत उष्णता असते, वेळ देता येतो, दाब मात्र हाताचा. त्यातही बहुतेक जण इस्त्री फिरवतात, जशी कपड्यावर फिरवतात तशी. फ्यूजिंगला इस्त्री फिरवायची नसते. टेकवायची, अंग टाकून दाबायची, मनात पंधरा मोजायचे, उचलायची आणि शेजारी पुन्हा टेकवायची. वाफेच्या इस्त्रीच्या तळाला भोकं असतात, त्यांच्या खाली दाब पोचत नाही. आणि गरम असतानाच तुकडा उचलून घडी केली तर गोंद बसण्याआधीच हलतो. एवढं सगळं पाळलं तरी कॉलर आणि पिशवी यांत एक फरक उरतोच. कॉलर बोटभर रुंद आणि चारी कडांनी शिवलेली; ती काही उचलत नाही. पिशवीचा पत्रा हातभर रुंद, त्यात पाच किलो ज्वारी, आणि प्रत्येक पावलाला तो वाकतो नि सरळ होतो. गोंदाला सगळ्यात जास्त त्रास याच वाकण्याचा.

मग टिकाऊपणाचा एवढा हट्ट कशासाठी? मास्तर व्यवहारी आहेत: "पिशवी वर्षभर टिकली तरी लई झालं, मग नवी घेतील." इथं कापडी पिशवीच्या अस्तित्वाचाच हिशेब आड येतो. इंग्लंडच्या पर्यावरण संस्थेनं 2011 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं निघालं, की हवामानावरच्या परिणामाच्या दृष्टीनं एकदाच वापरल्या जाणाऱ्या पातळ प्लास्टिक पिशवीशी बरोबरी करायची तर सुती पिशवी 131 वेळा वापरावी लागते. कापसाला लागणारं पाणी, खत, सूत, विणकाम, धुलाई हे सगळं त्या पिशवीच्या डोक्यावर असतं. आठवडी बाजाराला एक फेरी धरली तर 131 फेऱ्या म्हणजे अडीच वर्षं. त्या काळात ती निदान वीस-पंचवीस वेळा तरी धुतली जाईल. भाजीची पिशवी, माती लागणार. सहाव्या धुण्याला पोपडे धरणारी पिशवी फाटलेली नसते, पण रूप गेलं म्हणून खुंटीला लागते, आणि खुंटीला लागलेली पिशवी कितीही नैसर्गिक धाग्याची असली तरी तिनं प्लास्टिकची बरोबरी केलेली नाही. आतल्या मालाचं आयुष्य बाहेरच्या कापडाएवढं असलं पाहिजे, असं मी म्हणतो ते यासाठी. शिवाय एक विसंगतीही आहे. 2018 च्या अधिसूचनेत नॉन-वोव्हन पॉलिप्रॉपिलीनच्या पिशव्याही बंदीच्या यादीत होत्या; केंद्राच्या नियमानंही 30 सप्टेंबर 2021 पासून चौरस मीटरला 60 ग्रॅमपेक्षा हलक्या नॉन-वोव्हन पिशव्या बंद केल्या. तोच पत्रा दोन सुती कापडांमध्ये लपवून वर "कापडी पिशवी, पर्यावरणाची मैत्रीण" असं छापायचं, याला काय म्हणावं? गुन्हा नाही, पण सुती कापड नि प्लास्टिक असं चिकटवलेलं लग्न पुढे ना खतात जातं ना पुन्हा सुतात.

ताईंकडे यावर उत्तर आहे, आणि ते त्यांच्या घरात घडी करून ठेवलेलं आहे: वाकळ. जुन्या लुगड्यांचे थर आणि सगळ्या अंगभर धावदोरा. टाका दर बोटभर अंतरावर थराला पकडतो, म्हणून थर सरकत नाहीत, गोळा होत नाहीत, आणि धुण्याला घाबरत नाहीत. "तीच वाकळ पिशवीत घाला," ताई म्हणतात. मास्तर हसतात, आणि हसण्यात तथ्य आहे: "वाकळ अंगावर घेऊन झोपायची वस्तू. मऊ पडावी म्हणून तर जुनं लुगडं घालतात. तिच्यात ताठा कुठला आला?" आक्षेप नेमका आहे, म्हणूनच उत्तर नेमकं द्यायला हवं. वाकळीतून घ्यायची ती बांधणी, कापड नव्हे. मऊ झालेल्या लुगड्याऐवजी आधी धुऊन आटवलेला मांजरपाट किंवा मधे एक थर कॅनव्हास घेतला आणि टाके दाट घेतले, तर तीच बांधणी ताठ होते. आणि पूर्ण प्रामाणिकपणे सांगायचं तर टाका गोंदाइतकं घट्ट कधीच धरत नाही. दोन ओळींच्या मधल्या जागेत थर थोडे सरकतातच. चौसष्टपट राहू द्या, त्याच्या कितीतरी अलीकडे आपण थांबू. पण चौपटीच्या पुढे बरंच गेलेलो असू, आणि जे मिळालं ते धुण्यात जाणार नाही. ओळी जवळ आणाव्या तसा ताठा वाढतो, हा आणखी एक फायदा: शिवणाऱ्याच्या हातात एक कळ येते. बुडाकडे दाट, तोंडाकडे विरळ, अशी हवी तशी फिरवता येणारी. फ्यूजिंगमध्ये ही सोय नाही. जे गठ्ठ्यात आलं तेवढंच.

वेळेचं काय? मास्तरांचा दुसरा जड आक्षेप हा, आणि मजुरीवर पोट असणाऱ्यांसाठी तोच खरा. हिशेब करून बघू. 40 सेंटिमीटर रुंद, 35 सेंटिमीटर उंच पिशवी. पाच-सहा सेंटिमीटर अंतरावर उभ्या टिपा घेतल्या तर एका बाजूला सात ओळी, म्हणजे सुमारे अडीच मीटर; दोन्ही बाजू मिळून पाच. सेंटिमीटरला चार टाके धरले तर दोन हजार टाके. पायमशीनवर मिनिटाला साडेतीनशे टाके पडतात असं धरलं तर सहा मिनिटं, वळवण्या-जुळवण्याची चार. दहा मिनिटं झाली. फ्यूजिंग नीट करायचं, म्हणजे टेकवून, मोजून, थंड होऊ देऊन, तर इस्त्रीचा तळवा केवढासा. दोन बाजूंना तेवढाच वेळ जातो, वर वीज लागते, आणि भारनियमनात इस्त्री थंड पडते. पायमशीन चालूच राहतं. खरी अडचण वेगळी आहे. चार-पाच थर आले की साधी 14 नंबरची सुई वाकते, टाके सुटतात. 16 किंवा 18 नंबर लावावी लागते आणि टाका लांब करावा लागतो. जड पिशवी वाळायलाही वेळ घेते, आणि पावसाळ्यात तो आक्षेप खरोखर बोचतो. सुती धागा हवेतलीच ओल शेकडा आठच्या आसपास धरून ठेवतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. यावर माझ्याकडे गोड उत्तर नाही. श्रावणात सुती पिशवी आढ्याला टांगून ठेवावी लागेल. मात्र ओला कापूस सुक्यापेक्षा कमकुवत होत नाही, उलट त्याचं बळ वाढतं. तरटाचं तसं नाही. ताग उपजत ताठ, त्यातल्या लिग्निनमुळे. पण ओला झाला की बळ घटतं आणि उन्हात पिवळा पडतो. म्हणून तरट बाहेरून शोभेला चालेल, आत कणा म्हणून मी घालणार नाही.

आणखी एक गोष्ट मास्तरांना पटेल, कारण ती शिलाईतलीच आहे. पन्हळी पत्र्यावर माणूस चढतो. तोच पत्रा सपाट असता तर वाकला असता. पिशवीतही आकार हा स्वतःच एक ताठा आहे आणि त्याला माल लागत नाही. तळाचे दोन्ही कोपरे त्रिकोणासारखे ओढून त्यांवर आडवी टीप मारली की सपाट पिशवीला बूड येतं. उभ्या चार कडा चिमटीत धरून वरून टीप मारली, किंवा त्यात दोरी घालून पाइपिंग केलं, की चार खांब उभे राहतात. शिवणीत माया म्हणून सोडलेला भाग कापून टाकण्याऐवजी तोंडाशी दुमडून पट्टी केली की तिथं फुकटात दोन थर जास्त मिळतात. पिशवी उभी राहायला हवी ती या सांगाड्यावर. तो नसेल तर आत काहीही घाला, ती फुगलेल्या उशीसारखी दिसेल. बुडाचा प्रश्न तेवढा वेगळा, तिथं खरोखर कडक तुकडा लागतो. बहुतेक जण पुठ्ठा शिवून टाकतात आणि पहिल्या धुण्यात त्याचा लगदा होतो. अस्तरात एक खिसा ठेवून तुकडा सरकवता-काढता येईल असा केला की मिटलं: जे धुता येत नाही ते काढता यावं. त्यासाठी जुना फ्लेक्स दुहेरी-तिहेरी शिवून मजेत चालतो. भाऊंच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा नंतर कुणाच्या तरी कांद्याखाली सत्कारणी लागतात. फक्त तो पीव्हीसीचा, इस्त्रीच्या वाऱ्यालाही उभा करू नये.

पण सगळ्याच पिशव्या बाजाराच्या नसतात, आणि इथं ताईंना हार मानावी लागेल. नदीनं वर गेलं की पैठण. पैठणीच्या काठांच्या आणि गुळेदगुड्डच्या खणाच्या पर्स आज प्रदर्शनांत सगळीकडे दिसतात. हे कापड नाजूक, आणि पाच सेंटिमीटरवर टिपा मारल्या तर मोराच्या गळ्यावरून शिलाई जाईल. ती पर्स लग्नात हातात असते आणि मग कपाटात; ती धुतली जाणारच नाही, मग धुण्याला टिकणारा कणा तिला कशाला? तिथं फ्यूजिंगच बरोबर, तेही आधी पातळ सुती कापडावर लावून वरून पैठणी शिवायची, म्हणजे गोंदाचे ठिपके रेशमातून वर उमटत नाहीत आणि जरीला थेट इस्त्री लागत नाही. आणि दुसऱ्या टोकाला शबनम. खांद्याला लटकणाऱ्या त्या पिशवीला कणा दिला तर ती शबनम राहत नाही. लोंबणं हाच तिचा आकार. आपली जुनी चंची, बटवा, पडशी यांतलं काहीच उभं राहायला जन्मलेलं नव्हतं. घडी होऊन कमरेला, खांद्याला, घोड्याच्या पाठीला बसणं हे त्यांचं काम. उभं राहण्याची गरज आली ती डबा, वही, संगणक आणि प्रदर्शनाचं टेबल यांच्यासोबत. म्हणून शिवायच्या आधी विचारायचं एवढंच, की ही पिशवी कुठे उभी राहणार आहे: विकताना टेबलावर की वापरताना ओट्यावर? मुंबईच्या ‘महालक्ष्मी सरस’मध्ये मांडायची म्हणून तिला जन्मभर कडक करायची गरज नाही. चार दिवस आत जुन्या वर्तमानपत्राचे बोळे भरूनही ती उभी राहते. चपलांचे दुकानदार हेच करतात.

मास्तर इथपर्यंत येऊन थांबतात, पण एका जागी हटत नाहीत. तोंडाची पट्टी आणि बंद जिथं शिवले जातात ती जागा. सगळं वजन तिथं एका मुठीएवढ्या कापडावर येतं आणि तिथं कापड ताणलं की पिशवी वाकडी लोंबते, मग बाकीच्या टिपा कितीही असोत. त्यांना तिथं दोन इंच रुंद विणीचं सुती फ्यूजिंग हवं, उभा धागा उभ्याला जुळवून, आणि त्यावर चौकोन करून आत फुलीची टीप. हे कॉलरसारखंच आहे: अरुंद, चारी बाजूंनी शिवलेलं, फारसं न वाकणारं. गोंद उद्या सुटला तरी टिपा त्याला धरून ठेवतील. ताईंनी ते मान्य केलं आहे, कापड आधी रात्रभर भिजवून वाळवायचं या अटीवर. आता प्रश्न फक्त 18 नंबरच्या सुयांचा, त्या गावच्या दुकानात मिळतात की अंबडहून आणाव्या लागतील.